एनएचएस: अकरा वर्षे वापरलेल्या एका आरोग्यसेवेचे परीक्षण

माझ्या पतींचे अपेंडिक्स फुटले तेव्हा आम्हाला इंग्लंडमध्ये येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. रात्री अकराच्या सुमारास आम्ही जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पोहोचलो. खिडकीवरच्या बाईंनी नाव, जन्मतारीख आणि आमचे जीपी, म्हणजे नोंदणी केलेले कुटुंबवैद्य, कोण एवढे विचारून आम्हाला बसायला सांगितले. तपासणीसाठी बोलावेपर्यंत पाच तास गेले आणि ते पाच तास फार वाईट होते, कारण खुर्च्या कमी होत्या, माणसे जास्त होती आणि वेदनेने वाकलेल्या माणसाला आडवे व्हायला जागा नव्हती. एकदा आत घेतल्यावर मात्र सगळे भराभर झाले. पहाटे स्कॅन झाला, सकाळी शस्त्रक्रिया झाली आणि सहाव्या दिवशी घरी सोडले. औषधांची पिशवी हातात देऊन परिचारिकेने जखमेची काळजी कशी घ्यायची ते समजावले, तेव्हा मी तिला बिल कुठे भरायचे असे विचारले. तिला माझा प्रश्नच समजला नाही. मी तो पुन्हा विचारला, तेव्हा भरायचे काही नाही, असे तिने सांगितले.

त्याच्या काही वर्षे आधी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझ्या वडिलांच्या छातीत दुखू लागले होते. तिथल्या खासगी रुग्णालयाच्या दारात पहिला प्रश्न डिपॉझिटचा आला, आणि माझा भाऊ एटीएम शोधत फिरत असताना वडील स्ट्रेचरवर पडून होते. ते त्यातून वाचले, पण ती वीस मिनिटे आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. त्यामुळे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे, म्हणजेच एनएचएसचे, परीक्षण लिहिताना मी तटस्थ आहे असे म्हणू शकत नाही. मी या सेवेची ऋणी आहे, आणि म्हणूनच तिचे दोष सांगण्याचा अधिकारही मला आहे असे मानते.

इथे स्थायिक होऊ पाहणारी मराठी मंडळी मला नेहमी दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, सेवा चांगली आहे का. आणि दुसरा, ही समाजवादी व्यवस्था आहे ना, मग भांडवलशाही देशात ती चालते कशी. अकरा वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. एनएचएस पूर्णपणे समाजवादी नाही. समाजवाद आणि आधुनिक उदारमतवाद या दोन वेगळ्या विचारांचे कापड एकत्र शिवून ती तयार झालेली आहे, आणि रुग्णाला जिथे जिथे काचते तिथे बहुतेक वेळा ती शिवण असते.

आधी शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मराठीत येथेच गोंधळ होतो. आधुनिक उदारमतवाद म्हणजे नवउदारमतवाद नव्हे. नवउदारमतवाद राज्याला बाजाराच्या मार्गातून बाजूला व्हायला सांगतो. आधुनिक उदारमतवाद त्याच्या जवळपास उलट सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टी. एच. ग्रीन आणि त्यांच्यानंतर एल. टी. हॉबहाउस यांच्यासारख्या इंग्रज विचारवंतांनी अशी मांडणी केली की उपाशी, आजारी आणि निरक्षर माणसाला कोणी अडवत नाही एवढ्याने तो स्वतंत्र होत नाही; स्वातंत्र्य वापरण्याची ताकद त्याच्यापाशी असावी लागते आणि ती मिळवून देण्यात राज्याला वाटा उचलावाच लागतो. येथपर्यंत लोकशाही समाजवादी माणूस त्यांच्याबरोबर चालतो. वाटा फुटतात त्या यापुढे. उदारमतवादी म्हणतो, खासगी मालमत्ता आणि बाजार राहू द्या, त्यातून जे मागे पडतील त्यांना राज्याने हात द्यावा आणि एका किमान पातळीखाली कोणाला जाऊ देऊ नये. समाजवादी विचारतो, की जगण्यामरण्याच्या गोष्टी मुळात विक्रीला का असाव्यात, आणि ज्या साधनांवर सगळ्यांचे जीवन अवलंबून आहे त्यांची मालकी काही थोड्यांकडे का असावी. पहिल्याला गरिबाला परवडेल अशी सोय करायची असते, तर दुसऱ्याला परवडण्याचा प्रश्नच त्या दारातून हद्दपार करायचा असतो.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर या सेवेचा जन्म कसा झाला ते पाहावे. १९११ साली लिबरल, म्हणजे उदारमतवादी, पक्षाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन आणि सरकारने दोन. त्या बदल्यात कामगाराला आजारपणात भत्ता आणि डॉक्टर मिळायचा. त्या काळी ही फार मोठी सुधारणा होती, परंतु डॉक्टर मिळायचा तो वर्गणी भरणाऱ्या कामगाराला. त्याच्या बायकोला आणि मुलांना त्या योजनेत जागा नव्हती, आणि रुग्णालयातील सर्वसाधारण उपचारही तिच्यात बसत नव्हते. ज्याने भरले त्याला मिळाले, हे विम्याचे तत्त्व तिथे स्पष्ट दिसते.

पुढची मोठी झेप विल्यम बेव्हरिज यांची. ते पुढे लिबरल पक्षाचे खासदार झाले. त्यांचा जन्म बंगालमधील रंगपूरचा, कारण वडील हिंदुस्थानात सनदी अधिकारी होते. डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी या पाच राक्षसांविरुद्ध युद्ध पुकारले आणि सर्व नागरिकांसाठी एक व्यापक आरोग्यसेवा गृहीत धरली. परंतु त्या अहवालाचा कणा वर्गणीचाच होता. सर्वांनी सारखी वर्गणी भरावी, सर्वांना सारखा किमान भत्ता मिळावा, आणि त्या किमान पातळीच्या वर जे हवे ते प्रत्येकाने आपल्या कष्टाने आणि बचतीने मिळवावे. राज्याने सुरक्षा देताना माणसाची उमेद आणि जबाबदारी मारू नये, असे त्यांचे आग्रहाचे सांगणे होते. हे वाक्य मला आजही आदरणीय वाटते.

ती आरोग्यसेवा प्रत्यक्षात आणण्याचे काम आले ते मात्र एका समाजवाद्याकडे. १९४५ ची निवडणूक मजूर पक्षाने जिंकली आणि अनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले. दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या कोळशाच्या गावात ते वाढले, तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरले. त्या गावात कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून स्वतःचे डॉक्टर आणि दवाखाना चालवणारी संस्था उभी केली होती. त्यामुळे वर्गणीची कल्पना बेव्हन यांना परकी नव्हती. उलट तिची मर्यादाही त्यांनी जवळून पाहिली असणार, असे मला वाटते. त्यांनी १९४६ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन गोष्टींतच समाजवादाचा गाभा आहे. एक म्हणजे उपचाराचा हक्क त्यांनी वर्गणीपासून तोडला. खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून भागवला गेला आणि कोणी किती भरले याचा उपचाराशी संबंध उरला नाही. दुसरे म्हणजे धर्मादाय संस्थांची आणि नगरपालिकांची अडीच हजारांहून अधिक रुग्णालये त्यांनी राष्ट्राच्या मालकीची केली. मंत्रिमंडळातले त्यांचेच सहकारी हर्बर्ट मॉरिसन यांचा नगरपालिकांची रुग्णालये काढून घेण्याला विरोध होता, म्हणजे मालकी कोणाची हा वाद समाजवाद्यांच्या घरातही होताच. गरिबांसाठी खासगी रुग्णालयातील खाटा सरकारने विकत घ्याव्यात, हा उदारमतवाद्याला सहज सुचणारा मार्ग बेव्हन यांनी घेतला नाही. ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली, त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या पार्क रुग्णालयात ते स्वतः हजर होते.

माझ्या पतींचा तो सहा दिवसांचा मुक्काम म्हणजे बेव्हन यांच्या कापडाचा भाग होता. त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बँक व्यवस्थापक होते आणि पलीकडे रस्त्यावर झोपणारा एक तरुण. दोघांना तेच जेवण, तोच डॉक्टर, तीच चादर. त्या तरुणाला कोणी पिवळे कार्ड की केशरी असे विचारले नाही, त्याने आपली गरिबी कोणत्याही कागदावर सिद्ध केली नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या एका गोष्टीचे मोल लगेच कळते. मदत मिळवण्यासाठी आपण गरीब आहोत हे खिडकीवर सिद्ध करायला लागणे हा आजारावरचा दुसरा आजार असतो, आणि ज्या सेवेत तो नाही तिला माझ्याकडून या बाबतीत पूर्ण गुण आहेत.

जीपीच्या दवाखान्याविषयी मात्र माझे मत मध्यम आहे. सकाळी आठ वाजता फोन लावायचा, रांगेत विसावा क्रमांक ऐकायचा आणि साडेआठला आजच्या वेळा संपल्या असे उत्तर मिळवायचे, हा अनुभव इथल्या बहुतेकांना आहे. भेट मिळाली की डॉक्टर नीट ऐकून घेतात, उगाच औषधे आणि चाचण्या लिहून देत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. पुष्कळांना ठाऊक नसते की जीपी सहसा सरकारी नोकर नसतात. ते एनएचएसशी करार केलेले स्वतंत्र व्यावसायिक असतात. १९४८ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले तेव्हा मत देणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ डॉक्टर या सेवेच्या विरोधात होते, कारण पगारी नोकर होऊन आपले स्वातंत्र्य जाईल अशी भीती त्यांना होती. बेव्हन यांना तडजोड करावी लागली. ती शिवण तेव्हापासून तशीच आहे.

तज्ज्ञ डॉक्टरांशी केलेली तडजोड याहून मोठी होती, आणि तिचा अनुभव मला स्वतःला आला. पित्ताशयात खडे असल्याचे निदान झाल्यावर जीपींनी मला रुग्णालयाकडे पाठवले. चार महिन्यांनी तज्ज्ञांची भेट झाली. शस्त्रक्रिया आवश्यक आहे हे त्यांनी मान्य केले आणि सध्या सुमारे वर्षभराची प्रतीक्षायादी आहे असे सांगितले. मी निघताना त्यांनी अत्यंत सौजन्याने हेही सांगितले, की तीच शस्त्रक्रिया ते स्वतः खासगी रुग्णालयात तीन आठवड्यांत करू शकतील. खर्च काही हजार पौंड होता. माणूस तोच, हात तेच, कौशल्य तेच, आणि मधले अकरा महिने पैशाने विकत घेता येत होते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण ते नियमाप्रमाणेच वागत होते. तज्ज्ञांनी एनएचएसमध्ये काम करूनही खासगी रुग्ण पाहावेत, ही सवलत त्यांना सेवेत आणण्यासाठी १९४८ साली दिली गेली. उदारमतवाद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही: किमान सेवा सर्वांना आहे आणि त्यावर स्वतःच्या पैशाने कोणी काही घेत असेल तर त्याला अडवणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला घालणे होय. समाजवादी याच खोलीत बसून दुसरी गोष्ट पाहतो: ज्यांचा आवाज वर पोहोचतो अशी माणसे रांगेतून बाहेर पडली की रांग लहान करण्याची निकड कोणाला उरत नाही.

मी खासगी उपचार घेतले नाहीत. त्यामागे तत्त्व होते तसेच आमची बचतही होती, दोन्ही खरे आहे. सहाव्या महिन्यात पुन्हा तीव्र वेदना झाल्यावर जीपीच्या कार्यालयातील एका मदतनीस बाईंनी मला सांगितले, की इंग्लंडमध्ये रुग्णाला उपचारासाठी दुसरे रुग्णालय निवडण्याचा हक्क आहे. गेल्या तीन-चार दशकांत सरकारांनी, त्यांत मजूर पक्षाचेही सरकार आले, या सेवेत जे निवडीचे आणि स्पर्धेचे तत्त्व आणले त्यातून हा हक्क आला. मी चाळीस मैलांवरचे, कमी यादी असलेले रुग्णालय निवडले आणि नऊ आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. निवडीच्या या हक्काविषयी मी कृतज्ञ आहे आणि तो जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

परंतु आमच्या गल्लीत राहणाऱ्या एक वृद्ध शेजारीणबाई याच सुमारास त्याच यादीत होत्या. मी त्यांना हा मार्ग सांगितला. त्यांच्याकडे गाडी नाही, मुलगा दूर राहतो, आणि चाळीस मैलांसाठी दोन रेल्वेगाड्या आणि एक बस बदलावी लागते. त्यांनी जवळच्याच रुग्णालयाची वाट पाहायचे ठरवले. तोच हक्क आम्हा दोघींच्या हातात होता, पण तो माझ्या कामी आला आणि त्यांच्या आला नाही. आधुनिक उदारमतवादी येथे गप्प बसणारा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो म्हणेल, की मग त्यांना प्रवासखर्च द्या. आणि खरोखरच कमी उत्पन्न असलेल्या रुग्णांना प्रवासखर्च परत देणारी योजना इथे आहे, तिचा अर्ज आहे, उत्पन्नाची अट आहे. समाजवादी म्हणेल, की जवळच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह वाढवा, म्हणजे कोणालाच चाळीस मैल जावे लागणार नाही. शेजारीणबाईंनी अर्ज केला नाही. उत्पन्नाचा हिशेब परक्यापुढे मांडायला त्यांना संकोच वाटला, आणि भाडे मिळाले असते तरी दोन गाड्या बदलण्याचे बळ त्यांच्या गुडघ्यांत आले नसते. दोन्ही विचारांतला फरक मला इतका जवळून दुसरीकडे कुठे दिसला नाही.

तरीही येथे समाजवादी बाजूला एक कठोर प्रश्न विचारणे भाग आहे. मालकी समाजाची झाली म्हणजे सेवा आपोआप पुरेशी होते असे नाही. रुग्णाला पाठवल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत आणि निदान ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत तरी ते व्हावे, असे इंग्लंडचे उद्दिष्ट आहे. २०१६ नंतर ते देशपातळीवर गाठले गेलेले नाही, आणि प्रतीक्षायादीतील उपचारांची संख्या अलीकडच्या वर्षांत सत्तर लाखांच्या वर गेली. किंमत नसलेल्या ठिकाणी टंचाईचे रेशनिंग रांगेने होते. रांग ही पैशापेक्षा न्याय्य असते असे मी मानते, पण ती दुखणाऱ्या माणसाचा वेळ घेते आणि हा वेळ कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही. करांतून पुरेसा पैसा देण्याची राजकीय इच्छा नसेल तर मालकीचे तत्त्व रुग्णाला खाट देऊ शकत नाही.

औषधांच्या खिडकीवर दुसरी शिवण लागते. सेवा सुरू झाली तेव्हा औषधे, चष्मे आणि कवळ्या सगळेच मोफत होते. १९५१ च्या अर्थसंकल्पात, कोरियाच्या युद्धामुळे वाढलेला शस्त्रखर्च भागवताना, अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क आणले आणि बेव्हन यांनी सरकारातून राजीनामा दिला. रक्कम लहान होती, पण एकदा दारात गल्ला ठेवला की सेवेचे तत्त्वच बदलते, ही त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने औषधचिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क लावले. १९६५ साली मजूर पक्षाने ते काढले आणि १९६८ साली त्याच पक्षाने परत आणले, मात्र वृद्ध, मुले आणि गरजू यांना वगळून. हा खास उदारमतवादी तोडगा म्हणावा लागेल: शुल्क सर्वांना, सूट गरजूंना. आज इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड पडतात, परंतु सवलती इतक्या आहेत की दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी दहापैकी जवळपास नऊ मोफतच जातात. वेल्सने २००७ साली, उत्तर आयर्लंडने २०१० साली आणि स्कॉटलंडने २०११ साली हे शुल्क सरसकट काढून टाकले. एकाच राज्यात चार प्रदेश असून तिघांनी बेव्हन यांचे ऐकले आणि इंग्लंडने ऐकले नाही, असे म्हणायला हरकत नाही. मला दम्याचे औषध कायम घ्यावे लागते आणि दम्याला सूट नाही, औषधे घेणाऱ्या मधुमेहींना आहे. ही यादी १९६८ साली ठरली आणि तेव्हापासून तिच्यात फारच थोडा बदल झाला आहे. गरजू कोण याची यादी करायला बसले की असेच होते.

परदेशातून येणाऱ्या मराठी माणसाला सगळ्यात आधी भेटते ती मात्र तिसरी शिवण. व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि व्हिसाच्या सर्व वर्षांचा एकदम भरायचा असतो. तीन वर्षांसाठी येणाऱ्या पतीपत्नींना ६,२१० पौंड इथे पाऊल ठेवण्याआधीच द्यावे लागतात, आणि नोकरी लागल्यावर इतरांसारखाच कर आणि राष्ट्रीय विमाही पगारातून कापला जातो. १९११ चे तत्त्व, ज्याने भरले त्याला मिळेल, हे एका दारातून गेले आणि दुसऱ्या दारातून परत आले. ज्या सेवेची रुग्णालये हिंदुस्थानातून आलेल्या हजारो डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी चालवली तिच्या दारावर ही पाटी पाहून मला वाईट वाटते. आरोग्यक्षेत्रातील कामासाठी दिल्या जाणाऱ्या खास व्हिसावर येणाऱ्यांना हा अधिभार माफ आहे, एवढे येथे नोंदवले पाहिजे.

या सगळ्याचा आपल्याकडे विचार झाला नव्हता असे नाही. ज्या वर्षी बेव्हन यांचा कायदा झाला त्याच १९४६ साली, नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने हिंदुस्थानच्या आरोग्यसेवेचा अहवाल दिला आणि पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असे तत्त्व मांडले. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात प्रमुख उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, प्रत्येक प्रौढाचा विमा असावा, आणि हा राज्यसमाजवाद सरकारच्या लहरीवर न सोडता संविधानातच लिहावा, अशी मागणी केली. त्याच निवेदनात व्यक्तीच्या मूलभूत हक्कांचीही सविस्तर यादी होती. बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२० ते १९२३ या काळात शिकत होते तेव्हा त्या संस्थेचे संचालक बेव्हरिजच होते. हक्क उदारमतवादाचे आणि मालकी समाजवादाची, ही जोडणी मला आजही सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. प्रत्यक्षात आपण आरोग्याच्या बाबतीत बहुतांशी दुसरा रस्ता धरला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत राज्य उपचारांचा खर्च उचलते आणि रुग्णाने यादीतल्या रुग्णालयात, बहुधा खासगी, उपचार घ्यायचे असतात. त्यातून लाखो माणसांची घरे वाचली आहेत आणि तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ती योजना विकत घेऊन देणारी आहे, आणि मुंबई महापालिकेचे १९२६ सालचे केईएम रुग्णालय उभारून ठेवलेले आहे. आजार योजनेच्या यादीत बसला नाही तर योजना संपते. केईएमचे दार तेव्हाही उघडे असते, बाहेर रांग कितीही लांब असो.

उदारमतवादाचे श्रेय मी कमी लेखणार नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मला धोके सविस्तर सांगितले, नको म्हणण्याचा हक्क सांगितला, माझी कागदपत्रे मला पाहायला दिली, आणि आपत्कालीन विभागातील त्या पाच तासांविषयी मी लेखी तक्रार केली तेव्हा मुद्देसूद उत्तर आले, त्यात चूक मान्य केली होती. सरकारी रुग्णालयात रुग्णाशी उपकार केल्यासारखे बोलले जाते, असा अनुभव घेऊन आलेल्या मला हे फार मोठे वाटते. सगळी रुग्णालये एकाच मालकाची असतात तेव्हा त्या मालकापासून रुग्णाचे रक्षण करणारे हक्क अधिकच लागतात, आणि हे हक्क समाजवादाने नव्हे, उदारमतवादाने घडवले आहेत.

नव्याने येणाऱ्यांसाठी माझा सल्ला पुढीलप्रमाणे आहे. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नोंदणी करावी. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवावे. नियमित औषधे असतील तर इंग्लंडमध्ये औषधांचे आगाऊ प्रमाणपत्र घ्यावे. वर्षात बाराहून अधिक औषधे लागणार असतील तर त्यात नक्कीच पैसे वाचतात. प्रतीक्षायादी लांब असेल तर दुसऱ्या रुग्णालयाविषयी स्वतःहून विचारावे, कारण कोणी आपणहून सांगेलच असे नाही. दातांसाठी मात्र एनएचएसचा दंतवैद्य मिळणे अनेक गावांत अवघड आहे, त्यामुळे दातांची कामे येण्यापूर्वी उरकावीत. तातडीच्या आणि गंभीर आजारासाठी मी या सेवेला पाचपैकी पाच गुण देते, वेदनादायक पण जिवावर न बेतलेल्या आजारासाठी दोन.

आईवडिलांना भेटीला बोलावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला आपत्कालीन विभागात तपासतात त्याचे पैसे नाहीत, जीपीही पाहतात. पण तिथून रुग्णालयात दाखल करून घेतले की ती रुग्ण परदेशी ठरते आणि उपचाराच्या ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येऊ शकते. बेव्हरिज यांचा किमान हक्क नागरिकाचा होता आणि बेव्हन यांची सामूहिक मालकी राष्ट्राची. देशाच्या सीमेपाशी दोन्ही विचार थांबतात. वडील गेल्यापासून आई एकटी असते आणि येत्या जूनमध्ये ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार आहे. तिला रक्तदाब आहे. तिचा प्रवासविमा आम्ही तिकिटाच्या आधी काढला.